मांडीवरचं सूत

लग्न होऊन मी आंधळगावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की या घरातल्या एका कोपऱ्याकडे बघायचं नसतं. ओसरीच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून माझी मोठी जाऊ बसायची. लुगडं डाव्या मांडीपर्यंत वर खोचलेलं, शेजारी उकडलेल्या रेशमी कोशांची, आमच्याकडे ज्याला कोसा म्हणतात त्यांची, टोपली ओल्या फडक्यानं झाकलेली. चार-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढायचे, उघड्या मांडीवर तळव्यानं त्यांना पीळ द्यायचा आणि तयार झालेलं सूत उजव्या हातातल्या लाकडी चौकटीवर गुंडाळायचं. आमच्या कोष्ट्यांच्या आळीत घरोघर हेच चालायचं. पुरुष मागावर बसत, बायका सूत काढत, आणि सूत काढणाऱ्या बाईकडे दुसऱ्या बाईनंसुद्धा टक लावून पाहू नये असा रिवाज होता. मी तुमसरची, राइस मिलच्या भोंग्यावर उठलेली, मॅट्रिक झालेली. मला तो सगळा प्रकार फार गावंढळ वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. तर जाऊ म्हणाली, बरं, उद्यापासून तू हवेत सूत काढून दाखव.

घरात आम्ही चौघंच. ती, तिचा नवरा म्हणजे माझे भासरे, मी आणि माझा नवरा. सासू-सासरे आधीच गेलेले आणि तिची एकुलती मुलगी साकोलीकडे दिलेली. जाऊ माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी होती. मी तिला बाई म्हणायची. बोलायला ती तिखट, मीही काही कमी नव्हते, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. स्वयंपाकघरात आम्ही एकमेकींची इतकी खोडी काढायचो, की शेजारणींना वाटायचं भांडण चाललंय. खरं भांडण आमचं कधी झालंच नाही, आणि आता वाटतं एखादं व्हायला हवं होतं.

तिचं सूत आळीत नावाजलेलं होतं. दुसऱ्यांच्या घरचे विणकर आमच्याकडे येऊन मोठ्या बाईचं सूत असेल तर द्या म्हणायचे. डोळे मिटून बोटांतून दोरा सोडला तरी कुठे जाड-बारीक लागायचा नाही. मला मांडी उघडी टाकून बसायची लाज वाटायची, म्हणून मी धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचं काम घेतलं. पुढे तालुक्याला एक प्रशिक्षण झालं, तिथे मी पायानं चालवायचं सूत काढायचं यंत्र शिकून आले आणि नवऱ्याकडून हट्टानं एक यंत्र घरात आणवलं. ते खिडकीपाशी ठेवलं. बाई त्याच्याभोवती फिरून आली, पायटा हलवून पाहिला आणि म्हणाली, "तुह्या मशीनले पाय आहे, पन हात नाई." मी म्हटलं, तुमच्या मांडीला तरी कुठे हात आहे? ती खूप हसली. पण माझ्या यंत्राचं सूत तिनं आपल्या चौकटीजवळ कधी ठेवू दिलं नाही. मिसळेल म्हणे.

आणखी एक रिवाज सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नाही. ते दारात आले की डोक्यावर पदर घ्यायचा, बाजूला सरायचं. त्यांना काही सांगायचं असलं तर मी नवऱ्याला सांगायचं, त्यानं भावाला. बाईसुद्धा दिवसाउजेडी नवऱ्याशी फारसं बोलायची नाही. आपल्या अंगाबद्दलचं तर नाहीच. ती ते मला सांगायची, मी माझ्या नवऱ्याला, आणि तो त्यांना. भासरे माणूस वाईट नव्हते. मान खाली घालून मागावर धोटा फेकत राहायचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या घरात निरोप असे हातोहात फिरायचे आणि फिरता फिरता झिजायचे. कुणी कुणाला फसवत नव्हतं, प्रत्येकजण आपापल्या लाजेपुरतं कमी करून पुढे द्यायचा.

त्याचा पहिला फटका बसला तेव्हा आम्ही शहाणं व्हायला हवं होतं. मला येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. बाईनं एका दुपारी मला सांगितलं, की उजव्या स्तनात गाठ लागते, सुपारीएवढी, दुखत नाही. मी नवऱ्याला गाठच सांगितली, पण जागा सांगताना माझी जीभ अडखळली आणि मी छाती म्हटलं. त्यानं भावाला सांगितलं, वहिनीच्या छातीत काहीतरी आहे. भासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी तुमसरच्या बाजारातून छातीला चोळायचं मलम आणलं. आम्ही दोघी त्या डबीकडे पाहून पदरात तोंड घालून हसलो. खरंच हसलो. पुढे कळायला आणि नागपूरला न्यायला बराच काळ गेला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं आणि नंतर विजेचा शेक देण्यात आला. कापल्याचं तिला फार वाटलं नाही. शेकाचा मात्र तिनं धसकाच घेतला. एका खोलीत टेबलावर एकटीला निजवायचे, हलू नको म्हणायचे आणि जाडजूड दार लावून सगळे बाहेर निघून जायचे. दुखायचं काहीच नाही. पण ती सांगायची, दार लागलं की वाटायचं, हे लोक आता मला इथेच विसरणार. निघताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की अंगावर नवीन काही दिसलं, काही वेगळं वाटलं, तर लगेच या. हे त्यांनी भासऱ्यांना सांगितलं, मला नवऱ्याकडून कळलं.

नंतरची काही वर्षं चांगली गेली. उजवा हात थोडा सुजायचा, पण ती पुन्हा कोपऱ्यात बसायला लागली. जंगलाकडून ऐनाच्या झाडावरचे कोसे घेऊन माणसं यायची, तेव्हा ती एकेक कोसा कानाशी हलवून निवडायची. आतला किडा कसा वाजतो त्यावरून तिला कळायचं. राखेच्या पाण्यात कोसे उकडायचे तेव्हा घरभर वास सुटायचा आणि मी नाकाला पदर लावायची. ती म्हणायची, तुमसरच्या बाईला कोंड्याचा वास चालतो, किड्याचा नाही. मला वाटलं होतं, आता हे असंच चालू राहणार.

ऐंशीच्या पुढच्या कुठल्याशा वर्षी, धान कापणीला आले होते तेव्हा, तिची कंबर दुखायला लागली. चेहरा उतरला. चूल पेटवताना दोनदा भिंतीला टेकावं लागायचं. एके दिवशी न्हाणीत मी तिच्या पाठीला पाणी घालत होते तर मला तिच्या पायांवर लाल ठिपके दिसले, मोहरी सांडल्यासारखे. काही जांभळे झालेले. डाव्या मांडीवर होते, तसेच उजव्या मांडीवर, दोन्ही नडग्यांवरही. बोटानं दाबले तर पुसट होईनात. मी म्हटलं, बाई, हे काय हो?

ती म्हणाली, "काई नाई वो. सुतानं होऊन राहिलं. घासून घासून."

मी विचारलं, मग उजव्या पायाला कसं? ती म्हणाली, उजवा हात दुखला की पाय बदलते, चौकट डाव्या हातात धरते, मग उजव्या मांडीवर काढते. मला ते पटलं. हात सुजायचा हे मी रोज पाहत होते, आणि ती कोपऱ्यात कशी बसते, कुठला पाय पुढे घेते, हे पाहायचा रिवाजच नव्हता. तरी मी म्हटलं, नागपूरला दाखवू या. त्यावर तिनं अंगावरचं पाणी झटकलं आणि मला गप्प केलं. एवढ्याशा डागांसाठी कोणी नागपूरला जातं का, कापणीचे दिवस, घरच्यांची मजुरी बुडेल, असं बरंच काही ती बोलली. त्या खोलीचं, त्या दाराचं नाव तिनं काढलं नाही. तेच तर कारण होतं, पण ते मला फार उशिरा समजलं.

माझ्या मनातून ते जाईना. मी नवऱ्याला सांगितलं. दोन्ही पायांवर आहेत, दाबून जात नाहीत, आणि बाई म्हणतात सुतानं झालंय. हे तिन्ही मी सांगितलं, याची मला खात्री आहे. त्यानं भावाला सांगितलं. आता वहिनीच्या मांड्यांविषयी सख्ख्या मोठ्या भावासमोर किती बोलणार? त्यानं काय सांगितलं ते तेव्हा मी विचारलं नाही. भासरे मोहाडीला एका डॉक्टरकडे गेले. बाईला नेलं नाही, कारण दाखवायचं होतं ते दाखवण्यासारखं नव्हतं. त्यांनी तोंडीच विचारलं. डॉक्टर आमच्या भागातलेच, आमच्या आळीचं काम त्यांना माहीत. ऐकून त्यांनी सांगितलं, की ही कातडी घासली गेल्याची खूण आहे, बाई अशक्त आहे, सूत काढणं आधी बंद करा. शिवाय रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या.

हुकूम आला आणि घरात सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. दुखणं कळलं, उपाय कळला, आणि तो घरबसल्या करण्यासारखा होता. माझ्या नवऱ्यानं कोशांची टोपली उचलून माझ्या यंत्रापाशी आणून ठेवली. चौकट मी खुंटीवर टांगली. बाई पाहत होती. मला वाटलं, ती दोन शब्द सुनावेल. ती काहीच बोलली नाही. काय बोलणार? सुतानं झालं हे तिचंच म्हणणं होतं. ते खोटं होतं असं कबूल केलं तर नागपूर ठरलेलं. खरं धरून बसलं तर सूत गेलं. तिनं सूत जाऊ दिलं.

मग ती भिंतीला पाठ लावून, तोंड आमच्याकडे करून बसायला लागली. इतक्या वर्षांत तिचं तोंड दिवसा आमच्याकडे नसायचं. मी तिच्या कोशांचं सूत माझ्या यंत्रावर काढत होते आणि ती बघत होती. दोरा तुटला की माझ्याआधी तिला कळायचं. ती नुसता हात उचलायची. मी चेष्टेनं म्हणायची, बघा, तुमच्या कोशाला माझं यंत्र मानवतं. ती हसायची नाही. एरवी अशा बोलण्याला तिनं मला कुठल्या कुठे पोचवलं असतं. तिचा डावा तळवा लुगड्यावरून मांडीवर पुढे-मागे फिरत असायचा. मला वाटायचं, दुखतंय म्हणून चोळते आहे. मी तेल गरम करून द्यायची.

डाग कमी होतील असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. ते वाढले. बांगड्यांखाली मनगटाला उठले, तर आम्ही म्हटलं, हात सुजलाय, बांगड्या रुतत असतील. बांगड्या काढल्या तरी नवे उठले. तोंड धुताना हिरड्यांतून रक्त आलं, तर म्हटलं, दातवण कडक असेल. डोळे पिवळट दिसायला लागले, लघवी लालसर व्हायला लागली, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, ही तर कावीळ, आणि कसलासा पाला वाटून दिला. प्रत्येक गोष्टीला घरातच कारण सापडत होतं. सूत काढणं बंद होऊन इतके दिवस झाले तरी डाग वाढताहेत, तर त्याचा सुताशी संबंध कसा असेल, एवढं साधं त्रैराशिक माझ्या मॅट्रिकच्या डोक्यात आलं नाही. टोपली मात्र माझ्या यंत्रापाशीच राहिली.

एका सकाळी तिनं मला तिच्या आईच्या नावानं हाक मारली. मी पाण्याचा तांब्या नेला तर माझ्याकडे ओळख नसल्यासारखी पाहत राहिली. मग दुपारी पुन्हा नीट बोलायला लागली आणि असं काही झालंच नाही म्हणाली. त्या दिवशी मी नवऱ्याशी भांडले. धान वाहायला आलेली जीप होती, तिच्यात बाईला घातलं आणि भंडाऱ्यावरून नागपूर गाठलं. भासरे पुढे बसले होते. वाटेत ते एकदाही मागे वळले नाहीत. मी मागे होते, म्हणून.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होती. तिनं बाईच्या दोन्ही पायांवरचं लुगडं बिनदिक्कत वर सारलं, डाग पाहिले, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि बोटातून रक्त घेतलं. संध्याकाळी तिनं आम्हाला बोलावलं. मी दारामागे उभी होते. ती भासऱ्यांना आणि माझ्या नवऱ्याला सांगत होती, की कॅन्सर परत आला आहे, या वेळी हाडांच्या आत, जिथे रक्त तयार होतं तिथे. त्यामुळे शरीरातल्या अगदी बारीक, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्ताच्या गुठळ्या अडकत चालल्या आहेत. त्यांच्यातून वाट काढताना रक्तातल्या तांबड्या पेशी फाटतात. भिंगाखाली पाहिलं तर बांगडी फुटल्यासारखे तुकडे दिसतात. म्हणून अंग पांढरं पडलंय आणि डोळे पिवळे. वाहणारं रक्त थांबवणाऱ्या पेशी या गुठळ्यांतच संपून जातात, म्हणून कातडीखाली जागोजाग रक्त झिरपतंय. तेच हे डाग. मेंदूलाही त्याची झळ लागते आहे, मूत्रपिंडालाही.

माझा नवरा म्हणाला, म्हणजे मागाच्या फणीत गाठी अडकल्या की त्यातून जाणारा दोरा झिजून तुटतो, तसं. डॉक्टरबाईला फणी माहीत नसावी, पण तिनं मान हलवली. मग भासऱ्यांनी विचारलं, हे सूत काढल्यानं वाढलं का? तिला आधी प्रश्नच समजला नाही. नवऱ्यानं समजावून सांगितलं. ती म्हणाली, घासल्या जागी चार डाग जास्त उठले असतील, पण दुखण्याचं मूळ आत आहे. सूत काढलं काय, न काढलं काय, काही फरक पडला नसता. नवऱ्यानं विचारलं, लवकर आणलं असतं तर? ती म्हणाली, रक्त देऊन थोडे दिवस मिळालेही असते. खात्रीनं सांगता येत नाही. या अवस्थेला आमच्या हातातही फारसं काही नाही, असं ती खाली पाहून म्हणाली.

बाईची खाट तिथून दूर नव्हती. तिनं सगळं ऐकलं होतं. रक्त चढवल्यावर दुसऱ्या दिवशी ती बरीच शुद्धीवर होती. मी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होते. डाव्या मांडीवर तळव्याएवढा पट्टा गुळगुळीत होता, काळसर, लवसुद्धा नसलेला, इतक्या वर्षांच्या घासण्यानं चकचकीत झालेला. मग उजवी पुसली. उजवी तशी नव्हती. डाग होते, पण कातडी मऊ, लव तशीच. त्या मांडीवर कधीही सूत निघालेलं नव्हतं. माझा हात तिथेच थांबला. तिनं ते पाहिलं.

ती म्हणाली, "मंग माहा कोसा काहून उचलला?"

मी म्हटलं, डॉक्टरनं सांगितलं होतं, बाई.

"त्यानं पाहलं होतं का मले?"

मी नाही म्हटलं. ती वर छताकडे बघत राहिली. रागावल्यासारखी दिसत नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मीच तं सांगतलं सुतानं झालं म्हनून," ती म्हणाली. "मले त्या खोलीत जायचं नोतं. पन रिकाम्या हातानं बसन्यापेक्षा ते खोली बरी होती वो."

मला रडू फुटलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, घरी कोसा आहे का? मी म्हटलं, आहे. म्हणाली, थोडा आनता आला तर पाहा. त्या दवाखान्यात, त्या खाटेवर, मांडी उघडी टाकून ती सूत काढणार होती. मला त्या क्षणी ते अगदी बरोबर वाटलं. मी बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं, की भासरे उद्या घरी जाऊन येताहेत, त्यांना सांगा, शेजारणीकडून मूठभर कोसे उकडून घ्या, ओल्या फडक्यात बांधा आणि माझ्याकडे आणून द्या. चौकटही आणा. नवऱ्यानं भावाला सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, माझ्यापासून पाच-सात हातांवर. मी पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी होते; तो हलक्या आवाजात काय बोलला ते मला कळलं नाही.

भासरे परत आले ते कोसे घेऊनच आले. धोतराच्या सोग्यात बांधलेले, निवडक, मोठे. चौकट नव्हती. आणि कोसे कच्चे होते. कच्च्या कोशाचा तंतू नखानंही सुटत नाही. आयुष्यभर त्या सुतावर धोटा फेकलेला माणूस, त्याला हे माहीत नसेल असं कसं होईल? पण त्यांच्यापर्यंत एवढंच पोचलं होतं, की वहिनीला कोसा पाहायचाय. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळ्यांत चांगले निवडून आणले.

बाईनं एक कोसा घेतला आणि कानाशी धरून हलवला. आतलं वाजलं. "चांगला आहे," ती म्हणाली. मग तिनं त्याचं टोक शोधायला सुरुवात केली. बोटं जांभळी पडलेली, टोकाशी काळी. तंतू काही सुटेना. पण तिचा डावा तळवा मांडीवर फिरायला लागला, पुढे-मागे, पीळ देत, आणि उजवा हात हवेत गोल गोल गुंडाळत राहिला. तळव्याखाली काहीच नव्हतं. घरात इतके दिवस ती हेच करत होती आणि मी तेल गरम करून देत होते.

भासरे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी ते बघितलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"उकडलेले पायजे होते का?"

माझा पदर खांद्यावर होता. मी तो डोक्यावर घेतला नाही. "हाव जी," मी म्हटलं. "मी सांगतलं होतं."

त्यांनी खाटेवरच्या कोशांकडे पाहिलं. हिशेब मागे मागे जात असावा. मग म्हणाले, "ते डाग तुमी पाहले होते?"

"हाव जी."

"एकाच मांडीले होते ना?"

"नाई जी. दोनी पायाले होते. पहिल्या दिवसापासून."

"मले सूत काढते त्या मांडीचं सांगतलं," ते म्हणाले. "मी डाक्टरले तेच सांगतलं."

माझा नवरा दारात उभा होता. त्यानं हे ऐकलं आणि तो बाहेर निघून गेला. मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. त्याचं तरी काय चुकलं? भावासमोर वहिनीच्या एका मांडीचं नाव घेणंच त्याला जड गेलं असेल, दुसरीचं राहून गेलं. दोन्ही पाय म्हटलं असतं तर मोहाडीच्या डॉक्टरनंही सुतावर ढकललं नसतं. त्यानं तिला पाहायला बोलावलं असतं, नागपूरला पाठवलं असतं. ती वाचली नसती, हे मला डॉक्टरबाईनं सांगितलंय आणि मी ते मानते. पण तिची टोपली तिच्याजवळ राहिली असती. रक्त घेऊन घरी आली असती, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली असती, मला टोमणे मारत. तिचे शेवटचे चांगले दिवस आम्ही तिच्या हातातून काढून घेतले आणि माझ्या यंत्रावर गुंडाळले. कुणाचाही तिच्याशी वाईटपणा नसताना.

ती गेली तेव्हा शुद्धीवर नव्हती. कोसा तिच्या मुठीत होता, तो नर्सनं काढून माझ्या हातात दिला.

पुढे आमच्या घरातला तो पडदा आपोआप गळून पडला. घरी आल्यावर भासरे मलाच विचारायचे, मीठ आहे का, कांड्या भरल्या का, साकोलीला मुलीकडे कोण जाणार. मीही त्यांना सरळ उत्तर द्यायची, डोक्यावर पदर न घेता. आळीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, मग त्यांनाही सवय झाली. पुष्कळ वर्षं आम्ही तिघं अगदी मोकळेपणी बोलत राहिलो, मिठाविषयी, सुताविषयी, पावसापाण्याविषयी. निरोप मध्ये झिजायचा प्रश्नच उरला नव्हता. जिचा निरोप नीट पोचवायचा होता ती तेवढी घरात नव्हती.